कितवा नोझल

माझं टायरचं दुकान वस्तादच्या शेडला लागून आहे. मधे पत्रा आहे, पण कमरेएवढाच. त्यामुळे तिकडचं भांडण इकडे येतं आणि इकडे ट्यूब भाजल्याचा वास तिकडे जातो. इतक्या वर्षांच्या शेजारात मी वस्तादला कधी आवडलो नाही आणि तो मला आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला त्याची कीव आली असं कुणाला वाटायला नको.

वस्ताद डिझेल इंजिनांचा मिस्त्री, आणि त्याची सगळी ख्याती कानाची. चार सिलिंडरचं इंजिन एका सिलिंडरात पेटत नसलं, म्हणजे ‘मिसिंग’ करत असलं, तर बाकीचे मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाइपाचा नट ढिला करतात. नट सोडल्यावर इंजिनाचा आवाज बसला तर तो सिलिंडर चांगला, आणि काहीच फरक पडला नाही तर तो मेलेला. अंगावर डिझेल उडतं, वेळ जातो, पण उत्तर चुकत नाही. वस्ताद नटाला हात लावायचा नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक नोझलवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, पंख्याच्या बाजूनं एक, दोन, तीन, चार असं जायचं आणि आकडा सांगून हात पुसायचे. नट सोडून बघणं म्हणजे शेजारच्या पोराच्या पाटीत डोकावणं, असं तो गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, आणि म्हणताना स्वतःच्या लेकाकडे बघायचा.

शेडमध्ये मोक्याच्या जागी त्याची स्वतःची गाडी उभी असायची. जुनी डिझेल पिकअप. तिचं नाव म्हैस. सकाळी उठताना आधी अंग हलवायची, मग काळा धूर सोडायची आणि मग नाइलाज झाल्यासारखी चालू लागायची. तिच्या सायलेन्सरला डब्याचा पत्रा गुंडाळलेला, स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक पाटा दुसऱ्याच गाडीचा, आणि दाराचं हँडल म्हणजे एक पाना वेल्डिंगनं चिकटवलेला. पण इंजिन मात्र लखलखीत. रोज सकाळी वस्ताद फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून डिझेलमधलं पाणी काढायचा. हाताच्या पंपानं हवा काढायचा. ऑइलची काडी काढून थेंब दोन बोटांत चोळायचा आणि चव घेतल्यासारखं तोंड करायचा. बायको गेली त्या दिवशीही हे सगळं करूनच तो घरी गेला होता. म्हशीला त्यानं जेवढं जपलं त्याच्या निम्मं जरी लेकाला जपलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

लेकाचं सांगायचं तर त्याला कान नाही. तो पट्टी लावून माप घेतो, पुस्तकात बघून नट आवळतो, आणि त्याचं काम चांगलं असतं. पण बापाला ते चालायचं नाही. लेकानं टॅपेट बसवले, म्हणजे व्हॉल्व्हचं अंतर लावलं, की म्हातारा यायचा, कान लावायचा आणि न बोलता सगळं पुन्हा ढिलं करून ठेवायचा. लेकाच्या लग्नाच्या आठवड्यात त्याच्या हातून एक हेड गॅस्केट, इंजिनाच्या डोक्याखालचा भोकांचा पत्रा, उलटं बसलं. वस्तादनं ते जळलेलं गॅस्केट तारेत ओवलं, लेकाच्या गळ्यात घातलं आणि त्याला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. नवी नवरी डबा घेऊन आली तेव्हा तो तसाच उभा होता. तिनं डबा खाली ठेवला, गॅस्केट काढलं आणि तार गुंडाळून खिळ्याला टांगली. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला नीट पाहिलं.

तिचा बाप लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता. तो गेल्यावर तिच्या वाट्याला त्याचा एक लांब, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आला आणि बाकी काही नाही. गाडी वाटेत बंद पडली की बाप तिच्या हातात तो द्यायचा आणि लाव कान म्हणायचा. नोझलची टकटक ओळखायला ती अशी शिकली. सासरी कुणी तिला हे विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. सुनेनं शेडमध्ये झाडू मारावा, डबा आणावा, पुसायची फडकी धुवावीत, एवढंच तिचं काम ठरलेलं होतं.

मग वस्तादचे कान गेले. एकदम नाही. आधी टेलिफोन गेला, मग मागून मारलेल्या हाका गेल्या, मग गिऱ्हाइकाचे प्रश्न. वस्तादनं त्यावर उपाय काढला: प्रश्नाला उत्तर द्यायचंच नाही, उलट शिवी द्यायची. लोकांना वाटलं, म्हातारा जास्तच तापट झाला. मला पत्र्यावरून दिसत होतं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर कानाऐवजी दातात धरायला सुरुवात केली होती. टोक नोझलवर, मूठ दातात. इंजिनाचा धक्का जबड्यात जातो, त्यावरून अंदाज घ्यायचा. अंदाज कधी बरोबर यायचा, कधी नाही. एकदा चुकला, आणि सुनेनं त्याचा चुकलेला चेहरा पाहिला.

त्यानंतरची व्यवस्था त्या दोघांनी कधी बोलून ठरवली असेल असं मला वाटत नाही. गाडी आली की वस्ताद आधी हात धुवायला मागे जायचा. तेवढ्यात सून फडकं घेऊन बॉनेटवर वाकायची, बापाचा स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकून घ्यायची. वस्ताद परत येऊन आपलं नाटक करायचा, आणि ती मडगार्डवर फडक्याखालून बोटं टेकवायची. एक बोट, एक नंबर. तीन बोटं, तीन नंबर. ज्या बाजूला ती उभी राहायची ती नेमकी माझ्या दुकानाची बाजू. वस्तादनं आकडा सांगितला की गिऱ्हाईक मान डोलवायचं, लेक खाली बघायचा, सून फडकं पिळायची. म्हाताऱ्यानं तिला कधी एका शब्दानं बरं म्हटलं नाही. उलट ती जवळ दिसली की चहा गार आणतेस म्हणून ओरडायचा, म्हणजे कुणाला संशय यायला नको. पण तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत एक उजेड असायचा. आपण नाही तर हा माणूस नाही, हे तिला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं. तेवढ्यावर ती खूश होती.

बर्फवाल्यानं घोळ केला. त्याचा ट्रक नेहमी याच शेडमध्ये यायचा, आणि त्याचे डोळे धंद्यामुळे तीक्ष्ण. बर्फ वितळायच्या आत सगळं बघायची सवय. लेक सामान आणायला गेला होता त्या दिवशी वस्तादनं चार नंबर सांगितला, तेव्हा बर्फवाला हसत म्हणाला, “वस्ताद, आकडा सूनबाईनं दिला, तुम्ही फक्त वाचून दाखवला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच.”

वस्तादला शब्द ऐकू गेले नसावेत, पण बर्फवाल्याचं बोट सुनेच्या बोटांकडे होतं आणि ते त्याला दिसलं. तो हसला नाही, रागावला नाही. सुनेजवळ गेला, तिच्या हातातून बापाचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि ग्राइंडरकडे गेला. तिला वाटलं असेल धार लावतोय. त्यानं मूठ ठोकून काढली आणि दांडा चाकावर धरला. ठिणग्या उडत राहिल्या, दांडा तोकडा होत गेला, आणि शेवटी हाताच्या पंज्याएवढी छिन्नी उरली, पिस्टनवरचा कोळसा खरवडायला. ती त्यानं तिच्या पायाशी टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “लोखंड ते लोखंड. कामाला आलं पाहिजे.”

तिनं वाकून ती गरम छिन्नी पदराच्या टोकानं उचलली. रडली नाही. मी टायर सोडून बघत होतो. मला वाटलं, रडली असती तर म्हाताऱ्याचं भलं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्वीसारखं. वस्ताद हात धुवायला जायचा, सून वाकायची, आता साध्या सळईनं ऐकायची, बोटं टेकवायची. म्हाताऱ्याला वाटलं, झालं, जागा दाखवून दिली. मोठ्या लोकांना असं वाटतंच.

लेकाला मात्र शेड बदलायची होती. म्हशीच्या जागी गाड्या उचलायची लिफ्ट बसवायची, नव्या गाड्या दुरुस्तीला घ्यायच्या, बोर्ड रंगवायचा. म्हशीवरून बापलेकांत रोज जुंपायची. वस्तादचं म्हणणं एकच: मी आहे तोवर ती हलणार नाही, आणि ती आहे तोवर मीही हलणार नाही. शेवटी एका सकाळी लेकानं भंगारवाल्याला बोलावून आणलं. बर्फवाला होताच, समोरचे दोन-तीन दुकानदार आले, मी पत्र्यावर कोपर टेकून उभा राहिलो. लेक बापासमोर उभा राहिला आणि ओठ नीट हलवत, एकेक शब्द सुटा करून बोलला.

“बाबा, मी म्हशीचा एक नोझल काढून त्या जागी खराब बसवलाय. कितवा, ते सांगा. बरोबर सांगितलात तर म्हैस इथंच राहील, मी परत तोंड उघडणार नाही. चुकलात तर ती यांच्याबरोबर जाईल आणि तुम्ही घरी बसाल. कबूल?”

मला वाटलं म्हातारा शिवी देऊन विषय संपवेल. पण समोर बर्फवाला उभा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं, नुसतं नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण नाही म्हणायला तो कधी शिकलाच नव्हता. तो म्हणाला, कबूल. मग म्हशीत बसला, इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबला, आणि किल्ली फिरवली. म्हशीनं अंग हलवलं, धूर सोडला आणि चालू झाली. मिसिंग मलाही कळत होतं: तीन पावलं नीट आणि एक लंगडं. वस्ताद उतरला आणि हात धुवायला मागे गेला.

सून फडकं घेऊन पुढे झाली. लेकाला वाटलं, पुसतेय. तिनं सळई लावली, चारही ठिकाणी. वेळ लागला नाही. फडकं पसरलं आणि त्याखालून दोन बोटं बाहेर टेकवली. माझ्या बाजूनं स्वच्छ दिसत होती, दोन.

वस्ताद आला. आपला पितळी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकला, मूठ दातात धरली. एक. मग दोन. दोनवर तो जरा जास्तच थांबला. त्याचा जबडा थरथरत होता आणि डोळे मिटलेले होते. सून त्याच्या टकलाकडे बघत होती. त्यानं डोळे उघडून वर बघायच्या आधी तिनं तिसरं बोट हळूच खाली टेकवलं.

वस्तादनं तीन लावला, चार लावला, पुन्हा दोन लावला. मग मडगार्डकडे पाहिलं. तीन बोटं. त्यानं पुन्हा दोनवर टोक ठेवलं, पुन्हा बोटांकडे पाहिलं. बोटं हलली नाहीत. एखादं मूल रस्ता ओलांडताना हात धरणाऱ्याकडे बघतं तसा तो तिच्याकडे बघत होता. शेवटी सरळ झाला, स्क्रू ड्रायव्हर पुसला आणि म्हणाला, “तीन.”

लेकाच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मला वाटतं, बाप बरोबर सांगेल याचीच त्याला खात्री होती. लहानपणापासून तेच पाहिलेलं. मग हळूहळू त्याला कळलं, आणि त्याच्यात बाप जागा झाला. त्यानं पाना घेतला. तीन नंबरचा नट ढिला केला. इंजिन दचकलं, आवाज बसला, सगळ्यांना ऐकू गेलं. नट आवळला. मग दोन नंबरचा सोडला. काही नाही. इंजिन तसंच लंगडत राहिलं. लेक बापाकडे वळला आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाला, ऐकलंत ना, बाबा? फरक पडला ना?

“पडला,” वस्ताद म्हणाला.

लेकानं पुन्हा ओठ हलवले, यावेळी जीभही हलवली नसेल. म्हाताऱ्यानं मान डोलावली. “ऐकू येतंय की. बहिरा नाही मी.”

आधी भंगारवाला हसला. मग बर्फवाला. बर्फवाल्यानंही ओठ हलवून बघितले, समोरच्या दुकानदारानंही, आणि म्हातारा प्रत्येकाला हो हो करत राहिला. कुणीच काही बोलत नव्हतं आणि तो सगळ्यांना उत्तरं देत होता. मग त्यानं आमचे चेहरे पाहिले आणि त्याला समजलं. एरवी त्यानं पाना फेकून मारला असता. आता पाना लेकाच्या हातात होता.

खरं तर एक वाक्य बोलला असता तर वाचला असता. हिनं मला तीन दाखवले, एवढंच. पण ते बोलायचं म्हणजे आधीचे सगळे आकडे कुणाचे तेही बोलायला हवं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यानं तोंड दाबलं.

पुढे जे झालं ते लेकाला मुद्दाम सुचलं की सहज घडलं, सांगता येत नाही. भंगारवाला म्हशीला दोर बांधायला लागला तर लेक म्हणाला, कशाला, चालू आहे की, चालवत न्या. भंगारवाला बसला आणि बसल्या बसल्या ती बंद पाडली. पुन्हा चालू होईना. म्हशीला कुणाचा हात चालायचा नाही. सगळे वस्तादकडे बघू लागले. लेकानं किल्ली काढून बापापुढे धरली.

वस्ताद पाणी प्यायला आमच्या पत्र्याजवळ आला, तिथं सून फडकी पिळत होती. तो तिच्या अगदी समोर उभा राहिला. आवाज किती मोठा काढतोय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून फार हळू बोलला. मला ऐकू आलं ते मी पत्र्याला चिकटून होतो म्हणून.

“माझ्या दातांना दोनच लागला होता,” तो म्हणाला. “पण तू तीन दाखवलेस.”

तिनं फडकं पूर्ण पिळून घेतलं. मग त्याला दिसावं म्हणून मान वर करून, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, “लोखंड ते लोखंड, मामंजी.”

त्याला कळलं. तो जाऊन म्हशीत बसला, फिल्टरजवळचा पंप मारायला पुन्हा उतरला, हवा काढली, पुन्हा बसला, दिवा विझेपर्यंत थांबला. म्हैस त्याच्या हाताला लगेच उठली. भंगारच्या आवारापर्यंत तिला त्यानंच चालवत नेलं, वाटेत गिअर न खरडवता, खड्डे चुकवत. येताना चालत आला. दाराचा तो पाना तेवढा कापून मागितला होता, भंगारवाल्यानं दिला नाही, लोखंड वजनावर घेतलंय म्हणाला.

आता शेडमध्ये लिफ्ट आहे. वस्तादला घरी करमत नाही आणि शेडमध्ये लेक येऊ देत नाही, म्हणून तो माझ्या दुकानात जुन्या टायरच्या चवडीवर बसतो. मी बस म्हटलं नव्हतं. हाकलत नाही इतकंच. पितळी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर मांडीवर असतो.

नट सोडून सोडून लेकाला उशीर व्हायला लागला, पूर्वी आकडा चटकन कळायचा म्हणून गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. तेव्हा एका रात्रीच्या जेवणानंतर म्हणे सुनेनं नवऱ्याला सांगितलं, मला ऐकू येतं. बाकीचं काय काय सांगितलं मला माहीत नाही. तिला वाटलं असणार, आता तरी कुणी तिला इंजिनासमोर उभं करून विचारेल. लेकानं ऐकून घेतलं, खूश झाला, आणि म्हणाला की गिऱ्हाइकासमोर बायकोनं बोललेलं बरं दिसत नाही, तू आपली बोटं टेकव. आता तो कानाला स्क्रू ड्रायव्हर लावतो आणि ती मडगार्डवर फडकं पसरते. तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड मला पुन्हा दिसला नाही.

सुरुवातीला वस्ताद माझ्या इथून तिची बोटं बघायचा. आत लेकानं सांगायच्या आधी हा मोठ्यानं सांगून टाकायचा, “एक.” आणि मग आतून लेकाचा आवाज यायचा, एक नंबर. गिऱ्हाइकं माझ्या दुकानाकडे वळून बघायची, म्हातारा ताठ बसायचा. चार-दोनदा असं झाल्यावर एक दिवस तिनं आत उभं राहायची बाजू बदलली. आता इथून फक्त तिची पाठ दिसते.

तरी तो बसतोच. आत इंजिन चालू झालेलं धुरावरून त्याला समजतं. मग तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक आमच्या मधल्या पत्र्याला टेकवतो, मूठ दातात धरतो, डोळे मिटतो. पत्र्यातून काय येणार? माझ्या कॉम्प्रेसरची थरथर येत असेल. थोड्या वेळानं डोळे उघडतो आणि मला विचारतो, “कितवा?”

मला त्यातलं काही कळत नाही, आणि हातात काम असतं. मी मनाला येतील तेवढी बोटं वर करतो.

“बरोबर,” तो म्हणतो. “मलाही तोच लागला.”